गोमांस महाग, मग गावं का आटतात? अमेरिकेतल्या गोमांसाच्या धंद्याचा हिशेब

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी टायसन फूड्स या कंपनीने जाहीर केलं, की नेब्रास्का राज्यातल्या लेक्सिंग्टन गावातला आपला गोमांसाचा कारखाना जानेवारीत बंद होणार. कामगार सुमारे ३,२०० आणि गावाची लोकसंख्या जेमतेम अकरा हजार. काही कामगार आसपासच्या गावांतून येत असतील असं धरलं, तरी मुलंबाळं आणि म्हातारीकोतारी वजा केल्यावर गावातल्या कमावत्या माणसांपैकी किती जण त्या एकाच फाटकातून आत जात होते, याचा अंदाज येतो.

बातमी वाचून सामान्य माणूस गोंधळतो, कारण त्याच वर्षी अमेरिकेत गोमांसाचे भाव कधी नव्हे एवढे चढले होते. साधा खिमा, ज्याची हॅम्बर्गरची टिक्की होते, तो २०२५ च्या उन्हाळ्यात पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. म्हणजे माल महाग आहे, गिऱ्हाईक तो घेतं आहे, आणि तरीही कारखान्याला टाळं.

मांसासाठी गुरं पाळण्यावर अमेरिकेची खेडी जगतात, असं तिथले राजकारणी, शेतकरी संघटना आणि जाहिराती वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. ते खोटं नाही. पण ‘जगतात’ म्हणजे नेमकं काय, कोण जगतं आणि कुणाच्या जिवावर, हे उलगडून पाहिलं की लेक्सिंग्टनचं कोडं सुटतं.

वासराचा प्रवास

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या गाई दुभत्या नाहीत. अँगस, हेरफर्ड अशा मांसाच्या जातींच्या गाईंचं दूध कुणी काढत नाही, ते सगळं वासराला जातं. गाईने वर्षाला एक वासरू द्यावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

गाय नऊ महिने आणि वर नऊ-दहा दिवस गाभण असते. बहुतेक ठिकाणी वासरं वसंतात जन्मतात आणि सहा ते आठ महिने आईबरोबर कुरणात चरतात. मग त्यांना आईपासून तोडतात. तेव्हा वासराचं वजन अडीचशे किलोच्या आसपास असतं. कुरणावर गाई सांभाळणारा रँचर ते इथेच विकून मोकळा होतो. वर्षातून एकदाच त्याच्या हातात मोठी रक्कम येते, ती ही.

विकलेलं वासरू काही महिने आणखी कुणाच्या तरी गवतावर वाढतं आणि मग फीडलॉटमध्ये जातं. फीडलॉट म्हणजे उघड्यावरचे मोठमोठे वाडे, जिथे जनावरांना चार ते सहा महिने मका आणि इतर खुराक देऊन भराभर वजन वाढवतात. वय दीड-दोन वर्षांचं आणि वजन सव्वासहाशे किलोच्या पुढे गेलं की ते पॅकरकडे जातं. पॅकर म्हणजे कत्तल करून, मांस कापून, खोक्यांत भरून बाजारात पाठवणारा कारखानदार.

१ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सगळी मिळून ८ कोटी ६७ लाख गुरं होती. १९५१ नंतरचा तोवरचा हा सर्वांत कमी आकडा. १९७५ साली ती १३ कोटी २० लाख होती. मात्र गुरं एवढी घटली म्हणून मांस त्याच प्रमाणात घटलं असं नाही. आजचं जनावर तेव्हाच्या जनावरापेक्षा खूप जड असतं.

जिथे नांगर चालत नाही

नेब्रास्काच्या उत्तर आणि मध्य भागात सँडहिल्स नावाचा प्रदेश आहे. सुमारे १९ हजार चौरस मैलांवर पसरलेल्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांना धरून ठेवणारं गवत. १९०४ साली किंकेड कायद्याने इथे वसायला येणाऱ्या कुटुंबांना प्रत्येकी ६४० एकर जमीन देऊ केली. अनेकांनी ती नांगरून पाहिली. गवत गेलं, वाळू उडू लागली, पीक हाती लागेना. मग जमीन शेजारच्या रँचरला विकून लोक निघून गेले.

माणसाला गवत पचत नाही, गाईला पचतं. तिच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात, रूमेनमध्ये, सूक्ष्मजीव गवताचे तंतू फोडून देतात. जिथे मका, गहू, सोयाबीन काहीच नीट येत नाही, तिथे या एका गुणामुळे जमिनीतून पैसा निघतो. सँडहिल्समधली चेरी काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मांसाच्या गाईंच्या संख्येत देशात पहिली आहे. तिचं क्षेत्रफळ कनेक्टिकट या अख्ख्या राज्यापेक्षा मोठं आहे.

शरद ऋतूत वासरं विकली की पैसा बाहेरून गावात येतो, हे महत्त्वाचं. गावातल्याच माणसांनी एकमेकांना वस्तू विकून गावाची मिळकत वाढत नाही, ती वाढते बाहेरचा पैसा आत आल्यावर. तो पैसा मग जनावरांच्या डॉक्टरकडे जातो, कुंपणाच्या तारेला जातो, डिझेलला, हिवाळ्याच्या वाळल्या गवताला आणि बँकेच्या हप्त्याला जातो. मोठा वाटा जातो मालमत्ता कराला. नेब्रास्कात गावची शाळा मुख्यतः याच करावर चालते. रँचरच्या हजारो एकरांवर लागलेल्या करातून त्याच्या शेजाऱ्याच्या मुलांच्या शिक्षकाचा पगार निघतो.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी गुरांचा लिलाव बाजार असतो. मधोमध मातीचं रिंगण, भोवती पायऱ्यापायऱ्यांची बाकं, आणि न समजणाऱ्या वेगाने बोली पुकारणारा लिलाववाला. इथे चार लोकांसमोर बोली लागते, म्हणून ‘आज वासरू कितीला गेलं’ हे सगळ्यांना कळतं. शेजारच्या गावात लिलाव चालू असेल तर छोट्या कळपवाल्याला विचारायची सोय असते. तो बंद पडला की त्याला जो दारात येईल त्याचा भाव घ्यावा लागतो. गावातली शाळा गेल्याची चर्चा सगळीकडे होते. लिलाव बाजार गेल्याची फार कुणी दखल घेत नाही, आणि माझ्या मते ती घ्यायला हवी.

मग माणसं निम्मी का झाली?

गुरं खेडं जगवतात, असं म्हणणाऱ्यांना इथे अडचण येते. १९२० साली चेरी काउंटीची लोकसंख्या ११ हजारांच्या वर होती. २०२० च्या जनगणनेत ती साडेपाच हजारांच्या आसपास आली. शेजारच्या भागातल्या आर्थर काउंटीत तर २०२० साली ४३४ माणसं मोजली गेली. संपूर्ण काउंटीत. गाई मात्र तिथेच आहेत.

कारण गवतावरच्या धंद्याला जमीन लागते, माणसं फारशी लागत नाहीत. एका गाय-वासराच्या जोडीला वर्षभरासाठी पंधरा-वीस एकर सहज लागतात. दोन-तीनशे गाई ठेवायच्या तर हजारो एकर हवेत, आणि एवढा कळप एक कुटुंब आणि एखादा गडी मिळून सांभाळू शकतात. पूर्वी गवत कापायला दहा माणसं आणि घोडे लागत. आता एक ट्रॅक्टर आणि गोल गासड्या बांधणारं यंत्र पुरतं. यंत्र आलं की माणूस कमी, आणि यंत्राचा खर्च भरून काढायला कळप मोठा करावा लागतो. कळप मोठा करायचा तर शेजाऱ्याची जमीन हवी, आणि शेजारी गेला की शाळेतली तीन मुलं गेली.

कृषी गणनेत हे स्पष्ट दिसतं. २०१७ साली मांसाच्या गाई पाळणारी सुमारे ७ लाख २९ हजार शेतं होती, २०२२ साली ती ६ लाख २२ हजार उरली. पाच वर्षांत लाखाहून जास्त जण या धंद्यातून बाहेर पडले. अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं सरासरी वय २०२२ मध्ये ५८ च्या पुढे होतं.

टोपीवाल्या काउबॉयच्या चित्रामुळे आणखी एक गैरसमज होतो. हजार गाईंचा मालक हा अपवाद आहे. बहुतेकांकडे पन्नासहून कमी गाई असतात आणि तेवढ्यावर कुटुंबाचं भागत नाही. घरातलं कुणीतरी शाळेत शिकवतं, दवाखान्यात नर्स असतं किंवा काउंटीच्या कचेरीत कामाला असतं. पगार हवाच असतो, पण नोकरीबरोबर येणारा आरोग्य विमा त्याहून जास्त हवा असतो. अशा घरात गुरांवर संसार चालत नाही, पगारावर गुरं चालतात. त्यामुळे खेड्यातला दवाखाना बंद झाला तर त्याचा फटका कळपालाही बसतो. ‘शेतीला मदत’ म्हटलं की सरकार अनुदानाकडे वळतं, पण या मंडळींना दवाखाना आणि शाळा टिकली तरी मोठी मदत होईल.

मग गुरं काढून टाकली तर? सँडहिल्ससारख्या जागी दुसरं पीक येत नाही. श्रीमंत बाहेरच्यांनी शिकारीसाठी किंवा हौसेसाठी जमीन घेतली तर कर भरला जातो, पण वर्षभर तार, औषध आणि चारा विकत घेणारं कुणी राहत नाही. थोडक्यात, गुरांमुळे तिथली वस्ती वाढली नाही, पण जी उरली आहे ती बरीचशी त्यांच्यामुळेच उरली आहे.

डमरूची कंबर

आता कारखान्यांकडे येऊ. गोमांसाच्या धंद्याचा आकार डमरूसारखा आहे. एका टोकाला सहा लाखांहून जास्त गाईपाळे, दुसऱ्या टोकाला कोट्यवधी खाणारे आणि मधली कंबर अगदी बारीक. तयार झालेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के कत्तल चार कंपन्या करतात. टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. १९८० साली चार मोठ्यांचा वाटा ३६ टक्के होता.

असं पहिल्यांदा झालं आहे असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोतल्या पाच बड्या कंपन्यांचा असाच दबदबा होता. त्यांना आवरण्यासाठी १९२१ साली पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा आला. तो आजही लागू आहे. तेव्हा गुरं रेल्वेने शहरात यायची, तिथे कापली जायची आणि मांसाचे मोठे अर्धे तुकडे खाटकांच्या दुकानांत टांगले जायचे.

१९६० च्या दशकात आयोवामध्ये सुरू झालेल्या आयबीपी नावाच्या कंपनीने हे उलटं केलं. गुरं शहरात नेण्यापेक्षा कारखानाच गुरांजवळ न्यायचा. मांस तिथेच लहान तुकड्यांत कापून खोक्यांत भरून पाठवायचं. यामुळे हाडं आणि चरबी वाहून न्यायचा खर्च वाचला. शिवाय कुशल खाटकाची गरज संपली, कारण सरकत्या पट्ट्यासमोर उभा प्रत्येक कामगार दिवसभर एकच काप मारतो. शहरातल्या मजबूत कामगार संघटनाही मागे पडल्या. शिकागोचा प्रसिद्ध गुरांचा बाजार, जो १८६५ पासून चालू होता, १९७१ मध्ये बंद झाला. कत्तलीचं काम खेड्यात आलं आणि स्वस्त झालं.

कंबर बारीक असली की काय होतं, हे ऑगस्ट २०१९ मध्ये दिसलं. कॅन्ससमधल्या होलकोंब गावाजवळचा एक मोठा कारखाना आगीत सापडला आणि काही महिने बंद राहिला. गुरांचे भाव पडले, कारण ती घेणारा एक कमी झाला. दुकानात मात्र मांस महागलं, कारण माल येईना. मधल्या मध्ये इतर पॅकरांचा नफा वाढला. २०२० मध्ये करोनामुळे कारखाने बंद पडले तेव्हा पुन्हा तेच झालं, त्याहून मोठ्या प्रमाणात. शेतकऱ्यांचा संशय तेव्हापासून पक्का आहे, आणि तो निव्वळ भ्रम आहे असं मला वाटत नाही. पण दोन्ही वेळचं बरंचसं गणित कारस्थानाशिवायही समजतं. जनावरं दारात उभी, त्यांना पुढे जायला वाट नाही, तर पडेल भावात ती विकावी लागणारच. फीडलॉटमधलं तयार जनावर महिनाभर थांबवता येत नाही. ते खात राहतं आणि त्याची किंमत घसरत जाते.

लेक्सिंग्टन कसं वाढलं

१९८० च्या दशकात लेक्सिंग्टनमधला कापणी-मळणी यंत्रांचा कारखाना बंद झाला आणि गाव उतरणीला लागलं. १९९० मध्ये त्याच इमारतीत आयबीपीने गोमांसाचा कारखाना सुरू केला. त्या वर्षीच्या जनगणनेत गावात ६,६०१ माणसं होती. २००० मध्ये १०,०११. नेब्रास्काची गावं एकामागून एक रिकामी होत असताना या गावाने दहा वर्षांत निम्म्याहून जास्त वाढ घेतली. २००१ मध्ये टायसनने आयबीपी विकत घेतली आणि कारखाना तिच्याकडे आला.

ही वाढ झाली ती मेक्सिको, ग्वाटेमाला आणि पुढे सोमालियातून आलेल्या लोकांमुळे. काम कठीण. थंडगार हॉल, हातात सुरी, वेगाने सरकणारा पट्टा, मनगट आणि खांद्यांची कायमची दुखणी. स्थानिक तरुण त्याकडे फिरकत नव्हते. दहा वर्षांत गावातले निम्मे लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे झाले. शाळेत इंग्रजी शिकवणारे जादा शिक्षक लागले, घरं कमी पडली, काही जुने रहिवासी नाराज झाले. पण घरं विकली गेली, दुकानं उघडली आणि शाळेचे वर्ग भरले.

चेरी काउंटीत हजारो एकरांवर एक कुटुंब असतं. लेक्सिंग्टनमध्ये एका छपराखाली तीन हजार माणसं रोज सुमारे ५,००० जनावरांचं मांस तयार करत होती. गुरांवर जगणारं खेडं म्हणताना आपण या दोन अगदी वेगळ्या गावांना एकच नाव देतो. पहिल्यात माणसं थोडी, पण गवत आहे तोवर टिकणारी. दुसऱ्यात माणसं भरपूर, पण त्यांचं राहणं-जाणं एका कंपनीच्या संचालकांच्या बैठकीत ठरणारं.

भाव चढे असताना टाळं का?

२०२० पासून पश्चिमेकडच्या आणि मधल्या राज्यांत सलग काही वर्षं मोठा दुष्काळ पडला. गवत नाही आणि विकतचा चारा परवडत नाही, म्हणून रँचरनी फक्त वासरंच नाही तर गाईही विकल्या. ज्या कालवडी पुढे गाई झाल्या असत्या त्याही कत्तलीला गेल्या. त्या वेळी कारखान्यांकडे जनावरांची रेलचेल होती. नंतर मात्र वासरं देणाऱ्या गाईच कमी उरल्या.

पाऊस परतला तरी कळप लगेच वाढत नाही. आज जन्मलेली कालवड ठेवायची ठरवली तर ती सव्वा वर्षाची झाल्यावर फळते, दोन वर्षांची झाल्यावर विते, आणि तिचं वासरू कत्तलीच्या वजनाचं व्हायला आणखी दीड वर्षाहून जास्त जातं. म्हणजे निर्णयापासून मांसापर्यंत साडेतीन वर्षं. म्हणूनच गुरांच्या संख्येत साधारण दहा वर्षांचं चढउताराचं चक्र दिसतं, आणि जाणकार त्याला ‘गुरांचं चक्र’च म्हणतात.

शिवाय चढा भावच कळप वाढू देत नाही. २०२५ मध्ये अडीचशे किलोच्या वासराला दोन हजार डॉलरच्या वर मिळत होते. पाच वर्षांपूर्वी याच्या निम्म्याहून कमी मिळत. कालवड ठेवायची म्हणजे हे दोन हजार आज सोडायचे आणि दोन-अडीच वर्षं तिला पोसायचं, तेही पुढे भाव काय असेल ते ठाऊक नसताना. साठीला आलेला, कर्ज डोक्यावर असलेला माणूस काय करेल? विकतो. त्याला दोष देता येणार नाही.

त्यात मेक्सिकोकडची आवक थांबली. तिथून दरवर्षी दहा लाखांहून जास्त वासरं अमेरिकी फीडलॉटमध्ये येत. नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिण मेक्सिकोत स्क्रूवर्म सापडला. ही एक माशी आहे, तिच्या अळ्या जिवंत जनावराच्या जखमेत शिरून मांस खातात. अमेरिकेने वांझ केलेले नर सोडून अनेक दशकांपूर्वी ही माशी देशातून संपवली होती. ती परत येऊ नये म्हणून गुरांसाठी सीमा बंद झाली, मध्ये उघडली, आणि २०२५ मध्ये पुन्हा बंद झाली.

आता कारखान्याच्या बाजूने पाहा. रोज पाच हजार जनावरं कापण्यासाठी बांधलेला कारखाना साडेतीन हजारांवर चालवला तरी वीज, देखभाल आणि पगार फारसे कमी होत नाहीत. जी थोडी जनावरं आहेत त्यांच्यासाठी चौघे एकमेकांवर चढी बोली लावतात. मांस महाग विकूनही हाती तोटा राहतो. टायसनच्या गोमांस विभागाने तो सोसला आणि शेवटी एक कारखाना बंद केला. टेक्सासमधल्या अमरिलो इथल्या दुसऱ्या कारखान्यात एकच पाळी ठेवायचं ठरवलं.

तर कोड्याचं उत्तर असं. जनावरं कमी असतात तेव्हा रँचर कमावतो आणि कारखान्याचं गाव बुडतं. जनावरं भरपूर असतात तेव्हा कारखाना कमावतो आणि रँचर बुडतो. धंदा एकच, पण दोन गावांची सुगी एका वर्षी येत नाही. ‘गोमांसाचे भाव चढले, खेड्यांचं भलं झालं’ असं सरसकट म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारावं, कोणत्या खेड्याचं?

‘पण हे सरकारी जमिनीवर फुकटात चरतात ना?’

पश्चिमेकडच्या राज्यांबद्दल ही तक्रार नेहमी येते आणि तिच्यात तथ्य आहे. केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन विभागाकडे सुमारे साडेपंधरा कोटी एकर चराऊ जमीन आहे. १९३४ च्या टेलर कायद्यापासून तिथे परवाना घेऊन गुरं चारतात. २०२५ मध्ये एका गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर पडत होते. खासगी कुरणात त्याच महिन्याला वीस डॉलरच्या वर जातात. खासगी मालक कुंपण आणि पाण्याची सोय देतो, सरकारी जमिनीवर ती बरीचशी रँचरला स्वतः करावी लागते. तो फरक धरूनही हा भाव सवलतीचाच आहे.

मात्र देशातल्या गुरांच्या एकूण चाऱ्यात या जमिनीचा वाटा अगदी लहान आहे. सवलत उद्या काढली तर दुकानातल्या भावावर जवळपास काही होणार नाही. नेवाडासारख्या राज्यात, जिथे सुमारे ८० टक्के जमीन केंद्राची आहे, तिथल्या थोड्या कुटुंबांचा धंदा मात्र संपेल. प्रश्न मांसाचा नाही, त्या कुटुंबांनी तिथे राहावं यासाठी बाकीच्या देशाने किती मोजायचे याचा आहे. तो तसाच उघडपणे मांडला तर बरं.

‘आणि हवामानाचं काय?’

रूमेनमध्ये गवत पचताना मिथेन तयार होतो आणि गाय तो ढेकरातून बाहेर टाकते. हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने जोरकस आहे. जगातल्या एकूण तापमानवाढीच्या वायूंत पशुपालनाचा वाटा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये १४.५ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के सांगितला. त्यात गुरांचा हिस्सा सर्वांत मोठा.

रँचर म्हणतात, आमचं कुरण कार्बन मुळांत साठवतं. हे खरं आहे आणि ते नांगरलं तर तो कार्बन हवेत जाईल हेही खरं आहे. पण त्या साठ्याने गाईचा मिथेन फिटतो, असा दावा बहुतेक ठिकाणी टिकत नाही. उलट बाजूच्या लोकांनाही एक गैरसोयीची गोष्ट ऐकावी लागते. फक्त गवतावर वाढवलेलं जनावर कत्तलीच्या वजनाला उशिरा येतं, त्यामुळे किलोमागे त्याचा मिथेन फीडलॉटमधल्या जनावरापेक्षा सहसा जास्त असतो.

मला स्वतःला मिथेनइतकीच पाण्याची काळजी वाटते. पश्चिम कॅन्सस आणि टेक्सासच्या उत्तर टोकाचे फीडलॉट जमिनीखालच्या ओगलाला जलसाठ्यावर पिकलेल्या मक्यावर उभे आहेत, आणि त्या भागात तो साठा भरतो त्याहून खूप वेगाने उपसला जातो आहे. पाणी संपलं की मका जाईल आणि त्यामागोमाग फीडलॉट जाईल. कारखानाही मग तिथे राहणार नाही.

‘बाहेरून मांस आणलं तर?’

ऑक्टोबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी भाव उतरवण्यासाठी अर्जेंटिनाचं गोमांस जास्त आणण्याची भाषा केली. त्यांना एरवी मतं देणारे रँचर खवळले. आयात तशी आधीपासून होतेच. फीडलॉटमधल्या जनावराचं मांस चरबीयुक्त असतं, हॅम्बर्गरसाठी त्यात कमी चरबीचं मांस मिसळावं लागतं आणि ते ऑस्ट्रेलिया, ब्राझील वगैरे देशांतून येतं. थोडी आयात वाढल्याने भाव फार उतरणार नाहीत. पण कालवड ठेवू की विकू या विचारात असलेल्या माणसाला पुढचे भाव पडतील असं वाटलं, तर तो विकेल, आणि कळप वाढणं आणखी लांबेल.

मांस कोणत्या देशाचं हे सांगणाऱ्या पाकिटावरच्या खुणेबाबत मात्र एक जुना घोळ मिटला आहे. परदेशी जनावराचं मांस अमेरिकेत नुसतं प्रक्रिया करून ‘अमेरिकी उत्पादन’ म्हणून विकता यायचं. १ जानेवारी २०२६ पासून ती खूण लावायची असेल तर जनावर तिथेच जन्मलेलं, वाढलेलं आणि कापलेलं हवं. खूण ऐच्छिक आहे, त्यामुळे फार मोठा बदल नाही.

कंबर रुंद करता येईल का?

लेक्सिंग्टनच्या पश्चिमेला साठेक मैलांवर नॉर्थ प्लॅट आहे. तिथे २०२५ मध्ये सस्टेनेबल बीफ नावाचा नवा कारखाना सुरू झाला. तो उभारण्यात तिथल्या गुरं पाळणाऱ्यांचा पुढाकार आहे, आणि वॉलमार्टने त्यात अल्प भागीदारी घेतली आहे. क्षमता दिवसाला १,५०० जनावरांची, म्हणजे लेक्सिंग्टनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. गुरं पाळणाऱ्यांची मालकी असल्याने निदान एक गोष्ट साधते. रँचरच्या बुडीत वर्षांत पॅकरला होणारा नफा थोडाफार त्याच खिशात येऊ शकतो, आणि उलटही.

अशा प्रयत्नांचा इतिहास फारसा आशादायक नाही. लहान कारखान्याला एका जनावरामागे खर्च जास्त येतो, आणि जनावरांच्या टंचाईत मोठी कंपनी काही वर्षं तोटा काढून टिकते तशी लहान टिकत नाही. वॉलमार्टसारखं ठरलेलं गिऱ्हाईक असणं ही या वेळची वेगळी गोष्ट. पण हा कारखाना चालू झाला तोच टंचाईच्या तोंडावर.

ज्यांना या धंद्याकडे लक्ष ठेवायचं आहे त्यांनी दुकानातला भाव बाजूला ठेवून एकच आकडा पाहावा. अमेरिकेचं कृषी खातं दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस गुरांची मोजणी जाहीर करतं. त्यात कळप वाढवण्यासाठी राखून ठेवलेल्या कालवडी वेगळ्या मोजलेल्या असतात. तो आकडा ठळकपणे चढला तर रँचरना पुढची खात्री वाटू लागली असं समजायचं. पण ठेवलेली प्रत्येक कालवड म्हणजे कत्तलीला एक जनावर कमी, त्यामुळे त्यानंतरची दोन-तीन वर्षं टंचाई आणखी वाढेल आणि उरलेल्या कारखान्यांपैकी आणखी एखादा बंद होण्याची शक्यताही तेव्हाच सर्वांत जास्त असेल.